चार काकऱ्यांची पात

"काम बंद पडलं होतं का?" मी विचारलं.

"कुणाचं?" तानूबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

"यांचं. तुमच्या सुनेचं. गेल्या सहा महिन्यांत, या त्रासामुळं."

"आमच्यात काम बंद पडत न्हाई, बाई. माणूस बंद पडतंय, मग चौघं येऊन उचलत्यात." आणि त्या पुन्हा तांदूळ पाखडायला लागल्या.

सून चौकटीला हात लावून उभी होती. शालन तिचं नाव. वय सव्वीस, हे मीच दोन मिनिटांपूर्वी फॉर्मवर लिहिलं होतं. उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर येत होती आणि ती सारखी मान वळवून सावलीत जायला बघत होती. फिकट, धुवून धुवून विरलेल्या लुगड्यासारखा चेहरा.

"शालन, तुम्ही सांगा," मी म्हणाले.

तिनं सासूच्या सुपाकडं पाहिलं. "न्हाई पडलं. रोज जाती की भांगलायला."

सातव्या प्रश्नापुढं मी 'नाही'वर खूण केली. आमच्या फॉर्मवर सातव्या प्रश्नाला 'नाही' आलं की तिथून एक बाण निघायचा आणि थेट पानाच्या तळाशी जायचा. तिथं छापलेलं होतं : मुलाखत समाप्त. झोपेचे, डोक्याचे, उजेड सहन न होण्याचे, राबल्यानंतरच्या दिवसांचे असे पुढचे चौदा प्रश्न कोरेच राहायचे. त्या पावसाळ्यात मी तो बाण इतक्यांदा पाहिला, की डोळे मिटले तरी दिसायचा.

ही शहाण्णव सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते आणि कोल्हापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पाहणीसाठी आजऱ्याच्या बाजूची अकरा गावं पायाखाली घालत होते. ज्या आजाराची पाहणी होती, त्याला आमच्याकडं तेव्हा धड नावही नव्हतं. माणसाला कसला तरी ताप येतो, ताप उतरतो, पण माणूस पूर्ववत होत नाही. एक दिवस राबलं की पुढचे तीन दिवस अंग उचलत नाही. झोपून उठलं तरी झोप झालेली नसते. रक्त तपासलं तर सगळं ठीक. आमच्या विभागाचे डॉ. शिरगुप्पे सर म्हणायचे, "आजार कळला नाही तरी चालेल, आधी तो किती जणींना आहे ते तर कळू दे." नऊ गावं झाली होती आणि नऊ गावांत मिळून मला तीन बायका सापडल्या होत्या. पाळेवडे हे दहावं गाव.

फॉर्म पिशवीत घालून मी तानूबाईंच्या परड्यातून बाहेर पडत होते, तेवढ्यात शेवग्याच्या झाडाआडून हाक आली.

"बाई, ओ बाई."

शालन होती. एवढं घरामागनं चालत आली तर धापेनं तिच्या गळ्याखालची शीर उडत होती.

"तुमी समद्यास्नी इचारतायसा न्हवं? माज्यावाणी आनि किती हाईत?"

"तुमच्यासारख्या म्हणजे?"

"तीन वर्सांपूर्वी मला ताप आला," ती म्हणाली. "ताप गेला. मी काय माघारी आली न्हाई."

मी पिशवीत हात घातला, फॉर्म काढला. मग तो बाण आठवला आणि हात तिथंच राहिला.

"मग मघाशी काम बंद पडलं नाही असं का सांगितलंत?"

"पडलंच न्हाई तर कसं सांगू? शपत घालून सांगती, एक दिस रान चुकलं न्हाई." ती झाडाला टेकली. "आत्याबाई म्हणत्यात सोंग हाय. म्हणत्यात, रानात जातीया, भांगलतीया, मग घरात आल्यावरच कसं हिचं हातपाय गळत्यात? गणपतीला मालक येत्यात इचलकरंजीस्नं. तवर बघणार, न्हाईतर मला बापाच्या दारात नेऊन सोडणार. पोरगं हितंच ठेवून घेणार." तिचा मुलगा चार वर्षांचा होता. "धा जणी हाईत म्हणून तुमी सांगितलंसा तरी मला म्हणता यील, ह्यो रोग हाय. एकलीलाच झालं तर सोंग. धा जणीस्नी झालं तर रोग."

"आकडा आला की सगळ्यांत आधी तुला येऊन सांगेन," मी म्हणाले. 'तुम्ही'वरून 'तू'वर कधी आले, माझं मलाच कळलं नाही.

शनिवारी मी कोल्हापूरला सरांच्या पुढ्यात उभी राहिले.

"सर, सातवा प्रश्न चुकतोय."

"कसा?"

"बायका नाही म्हणतात."

"मग उत्तर नाही असं आहे," सर म्हणाले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चांगला माणूस. आम्हा पोरींना जीपमध्ये पुढं बसवून स्वतः मागं बसायचे.

"सर, मी तो प्रश्न जरा बदलून पाहिला. फॉर्मवर नाही, नुसता तोंडी. पाळेवड्यात एका आळीत बेचाळीस बायकांना विचारलं, तुम्हाला फार दमायला होतं का?"

"बरं, मग?"

"एकेचाळीस हो म्हणाल्या."

"आणि बेचाळिसावी?"

"तिला ऐकू येत नाही."

सर खूप वेळ हसले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "आता बघ हेमलता. एक प्रश्न विचारला तर नऊ गावांत तीन. दुसरा विचारला तर सगळं गाव. यातलं कुठलं मी कागदावर घालू? दमत कोण नाही? माझी बायको दमते, मी दमतो. दमणं आणि हा आजार यांच्यामधे कुठंतरी रेघ मारायला लागते, आणि ती रेघ म्हणजे काम बंद पडणं. जगात सगळीकडं तिथंच मारतात."

"पण पाळेवड्यात कामच बंद पडत नाही, सर."

"मग आजार नसेल."

"आहे. मी बघितलाय. शेवग्याला टेकून उभा होता."

"एकीला बघितलंस. एकीवरून आकडा होत नाही. आणि प्रश्न आता बदलता येणार नाही. नऊ गावं एका पट्टीनं मोजलीत, दोन दुसऱ्या पट्टीनं मोजली तर अकराही फुकट जातील."

त्यांचं बरोबर होतं. मला राग आला तो त्याचाच. एस.टी.त बसून मी सगळे फॉर्म पुन्हा चाळले. नाही, नाही, नाही. बाण, बाण, बाण. माझ्याच अक्षरातले नकार आणि प्रत्येक नकारामागं एकेक दार, एकेक चेहरा. मुरूड्यांची बायाक्का म्हणाली होती, "हाडात भुसा भरल्यागत हुतंय." खालच्या आळीतली एक, "सांडल्यागत हुतंय बघा, मी सांडती आणि मलाच गोळा करायला लागतंय." हे लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

सोमवारी घरं बंद. पहिली भांगलण, म्हणजे खुरपणी, चालू झालेली. पावसानं उघडीप दिली होती आणि भुईमुगाच्या रानात गवत माजलं होतं. बायका घरी भेटेनात म्हणून मी रानातच गेले. हौसाक्कांच्या रानात पैरा होता. आज हिच्या रानात सगळ्यांनी राबायचं, उद्या तिच्या. घरटी एक बाई. कुणी कुणाला काही द्यायचं नाही, दिवसाला दिवस फेडायचा. एकोणीस जणी एका रांगेत बसल्या होत्या.

हौसाक्का पन्नाशीच्या. कमरेला पदर करकचून खोचलेला, तोंडात मिसरी. पैऱ्यातल्या बायकांची पुढारीण म्हणा की. मला बांधावर फॉर्म मांडीवर घेऊन बसलेली पाहून त्यांनी हाक मारली, "बसून काय लिवतीस गं? खुरपं घे, ये. बोलता बोलता हात चालू दे. उगंच बांधाला भार."

बायका खिदळल्या. मी चपला काढल्या, साडी खोचली, आणि हौसाक्का आणि बायाक्का यांच्यामधे बसले. भुईमुगाच्या पेरलेल्या ओळींना तिथं काकऱ्या म्हणतात. एकेका बाईनं चार काकऱ्या घ्यायच्या आणि त्यांच्यामधलं गवत काढत उकिडवं पुढं सरकत जायचं. त्या चार काकऱ्यांचा पट्टा म्हणजे तिची पात. पाती सगळ्यांच्या बरोबरीनं समोरच्या बांधाला लागल्या पाहिजेत. कुणाची पात मागं राहिली तर रानाची शोभा जाते, असं त्या म्हणायच्या.

हौसाक्कांनी ओवी धरली. जाड, उन्हात तापलेला आवाज.

माझ्या शेजीची गं पात, आज पडतीया मागं
दोन काकऱ्या तिच्या बाई, माझ्या खुरप्याच्या संगं

मी जीव तोडून खुरपत होते. अर्ध्या तासात मांड्या भरून आल्या, बोटाला फोड आला. वर पाहिलं तर रांग दोन हात पुढं. घाईघाईनं पुढं सरकले आणि बघते तर माझ्यापुढं दोनच काकऱ्यांत गवत उरलं होतं. उजवीकडची बायाक्कानं काढलेली, डावीकडची हौसाक्कानं. कुणी काही बोललं नव्हतं. कुणी माझ्याकडं बघितलंही नव्हतं.

पाहुणी म्हणून असेल, असं वाटलं. मग मी मान वळवून रांगेकडं पाहिलं.

पलीकडं शालन होती. तिच्यापुढंही दोनच काकऱ्या. तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका पाच पाच घेऊन चालल्या होत्या. आणखी पलीकडं अंजनी म्हणून एक धडधाकट दिसणारी बाई, तिच्यापुढं दोन. मी मोजत गेले. मला सोडून एकोणीस जणी, त्यांतल्या सहा जणींच्या पाती अरुंद. बाकीच्यांच्या त्या मानानं रुंद. आणि ओवी चाललेली, खुरपी चाललेली, आणि दुपारी सगळी रांग एका रेषेत बांधाला लागली. मागं वळून पाहिलं तर रान एकसारखं स्वच्छ. कुणी किती काढलं हे देवालाही सांगता आलं नसतं.

काम बंद पडलं का? नाही. एक दिस रान चुकलं न्हाई. शालन खोटं बोललीच नव्हती.

मी बांधावर जाऊन डायरी काढली आणि रेघा मारल्या. चार काकऱ्यांची पात ती मध्यम रेघ, पाच-सहाची ती लांब, दोनची ती आखूड. एकोणीस रेघा. सहा आखूड. हा आकडा होता! एकोणिसांत सहा.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी रानात. पुन्हा मोजलं. पाच आखूड. पण त्यांतल्या कालच्या दोघीच. तिघी नव्या. काल पाच काकऱ्या ओढणारी बायाक्का आज दोनवर आली होती आणि शालन, काल दोनवर असलेली शालन, दात आवळून पाच काकऱ्या घेऊन चालली होती, बायाक्काच्या शेजारी. तिसऱ्या दिवशी शालन पुन्हा दोनवर. तोंड पार पांढरं. अंजनी चारवर. हौसाक्का तीनवर.

मी डोकं धरून बसले. सहा, का पाच, का तीन दिवसांत मिळून नऊ? जी काल ओढत होती ती आज पडली म्हणजे तिला आजार आहे, का काल जास्त राबली म्हणून ती नुसती दमली आहे? हातात आकडा आला म्हणावं तर बोटांतनं पाण्यासारखा निसटत होता.

"काय काढतीस सारखं?" हौसाक्का भाकरी हातात घेऊन माझ्या शेजारी बसल्या. "रांगोळी?"

मी त्यांना रेघा दाखवल्या. कुणाची कुठली, तेही सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना गंमत वाटेल. त्यांचा घास हातातच राहिला.

"फाड ते."

"अहो आक्का, हाच तर पुरावा आहे. हे मी सरांना दाखवलं तर..."

"फाड म्हणती न्हवं?" आवाज अगदी हळू होता. "पैऱ्यात घरटी एक बाई असती. अख्खी बाई. निम्मी न्हवं. ह्या पोरींच्या सासवास्नी, दीरास्नी कळलं, की ही निम्मीच हाय, तर उद्या कोण हिच्या रानात अख्खा दिस फेडायला यील? आज पैऱ्यातनं सहा उठतील, उद्या धा. पैराच मोडतोय. आमी झाकलंय म्हणून त्या उभ्या हाईत, बाई."

"आणि शालन? तिला गणपतीनंतर घालवणार आहेत. तिला आकडा पाहिजे."

"शालनीचं आमी बघतो."

"कसं बघणार? काकऱ्या ओढून? तुम्ही ओढता म्हणूनच तिची सासू म्हणते सोंग आहे!"

हौसाक्कांनी रानाकडं पाहिलं. लांब रानात बायका तांब्या फिरवत होत्या. कुणीतरी काहीतरी चावट बोललं असावं, हशा उठला. शालन सगळ्यांच्या मधे आडवी होऊन, तोंडावर पदर घेऊन पडली होती, आणि अंजनी तिच्यावर सावली धरून उन्हाच्या बाजूला बसली होती.

मी तीन पानं फाडली. हौसाक्कांनी त्यांची घडी केली आणि कनवटीला खोचली.

पाळेवड्याचे सगळे फॉर्म मी तसेच सरांना दिले. अकरावं गावही झालं. तिथंही बाणच.

तीन आठवड्यांनी सर स्वतः आले. अकराही गावांत जाऊन पाहणीत काय निघालं ते लोकांना सांगायचं, असा त्यांचा नेम होता. माणसांकडून माहिती घ्यायची आणि नाहीसं व्हायचं, हे त्यांना पटत नसे. पाळेवड्याच्या शाळेच्या पडवीत सकाळी बायका जमल्या. तानूबाई पुढं, शालन खांबाला टेकून मागं, हौसाक्का दारात. मी आदल्या दिवशीच येऊन शालनला गाठायला हवं होतं. मी आले नाही. 'तीन' हे तिला कसं सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

"घाबरण्यासारखं काहीच नाही," सर हसून म्हणाले. लोकांना धीर द्यायचा होता त्यांना. "अकरा गावांत अकराशे चाळीस बायकांना विचारलं. हा आजार फक्त तिघींना निघाला."

"ह्या गावात?" तानूबाईंनी विचारलं.

"नावं सांगत नाही आम्ही. पण पाळेवड्यात एकही नाही."

तानूबाई सावकाश मागं वळल्या. "ऐकलीस? डाक्तरनं मोजलंय. कागदावर. एक बी न्हाई."

बायाक्का पायाच्या अंगठ्याकडं बघत होती. अंजनी भिंतीकडं.

शालन सासूकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. "बाई, तुमी आदी मला सांगणार हुता," ती म्हणाली. आणि मग, खरंच माहीत करून घ्यायचंय अशा आवाजात, "त्यात मी न्हाई तर मग मला काय झालंय?"

मी सरांकडं पाहिलं. सर माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसावं म्हणून मीच तीन पानं फाडून दिली होती.

"पैला गणपती होऊ दे," तानूबाई उठता उठता म्हणाल्या. "मग गाठोडं बांदायला लाग."

जीप गेली. मी मागं राहिले. शाळेच्या पायरीशी हौसाक्कांनी मला गाठलं.

"उद्या दुसरी भांगलण हाय. तानूच्याच रानात पैरा. ये," त्या म्हणाल्या. "कोरा कागद आण."

सकाळी रानात रांग बसली. दव अजून पानांवर होतं. हौसाक्का कडेला बसल्या, खुरपं मातीत रोवलं आणि म्हणाल्या, "आज जिची तिची पात. कुणी कुणाची काकरी वडायची न्हाई."

"आगं आक्का, पर शालनीचं..." अंजनी म्हणाली.

"शालनीचं बी न्हाई. आनि अंजने, तुजं बी न्हाई."

कुणी हसलं नाही. त्या दिवशी ओवीही नव्हती. एकोणीस खुरप्यांचा मातीतला खरखर आवाज तेवढा. मी बांधावर बसले होते. मला दिसत होतं, शेजारच्या काकरीकडं हात जायचा आणि मागं यायचा. पुन्हा जायचा, पुन्हा मागं. वर्षानुवर्षांची सवय हाताला. बायाक्काच्या शेजारणीनं तर एकदा डाव्या हातानं उजवं मनगट धरून ठेवलेलं मी पाहिलं.

ऊन वर चढलं तशी रांग फाटायला लागली. आधी शालन मागं पडली. मग अंजनी. मग बायाक्का, मग एकीमागून एक. पुढं स्वच्छ काळी माती सरकत गेली आणि मागं गवताच्या लांब लांब हिरव्या शेपट्या राहिल्या. प्रत्येक शेपटीच्या टोकाला एक बाई. शालन सगळ्यांत मागं, खुरपं हातात तसंच आणि कपाळ गुडघ्यावर.

भाकऱ्यांची बुट्टी डोक्यावर घेऊन तानूबाई बांधावर आल्या आणि थबकल्या.

"हे काय गं? रान हाय का कुत्र्यानं वडल्यालं फडकं?" त्यांची नजर शालनवर गेली. "ही एक आमची राणी, ती तर दिसतीयाच. आनि ती पलीकडची कुणाची पात?"

"माजी," अंजनी म्हणाली. उठलीही नाही.

"तुजी? तू तर चार पोरांची आई, गिरणीगत चालतीस."

"माज्या दोन काकऱ्या रोज दुसरीच कोणतरी वडती, तानूआत्ती. म्हणून चालती."

"आनि ती?"

"माजी," बायाक्का म्हणाली.

"माजी," तिच्या पलीकडून.

"माजी."

एकेक आवाज मातीतून वर येत होता. तानूबाई डोक्यावर बुट्टी घेऊन तशाच उभ्या. मग त्या हौसाक्कांकडं वळल्या. "तू ह्यास्नी झाकलीस व्हय? इतकी वर्सं? माज्या रानात निम्म्या बाया बसवल्यास?"

हौसाक्का गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"तानू, तुला न्हाण आलं त्या वर्सी देवी आल्या, आठवतंय? लगीन होऊन ह्या गावात आलीस तरी तुज्यात जीव नव्हता. दोन सुगी तुज्या पातीतल्या काकऱ्या माज्या आईनं वडल्यात. मी शेजारी बसून बघितल्यात. तुज्या सासूला कळू दिलं न्हाई." त्यांनी हात झटकले. "कुणी मोजल्या हुत्या तवा?"

तानूबाईंनी बुट्टी बांधावर ठेवली. मग साडीचा सोगा खोचला, रानात उतरल्या आणि शालनच्या पुढ्यात जाऊन बसल्या. तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं.

"सरक तिकडं. मुंगीगत काय चाललीयास?" त्या म्हणाल्या. शालन सरकली नाही, तिला सरकताच आलं नसावं. तेव्हा तिला अंगानं ढकलून त्यांनी चारही काकऱ्या आपल्याकडं ओढल्या. "आनि बाकीच्या काय बघताय गं? भाकऱ्या वाळाय लागल्यात."

हौसाक्का माझ्याजवळ आल्या. कनवटीची घडी काढून त्यांनी माझ्या मांडीवर टाकली. घामानं शाई उतरून पानं निळी झाली होती, एकही रेघ उरली नव्हती.

"मोजलीस?"

"सात," मी म्हणाले. तेवढ्यात रांगेच्या मधोमध आणखी एक बाई खुरपं टाकून आडवी झाली. "नाही. आठ."

"मग लिव."

मी लिहिलं. आणि त्याच आठवड्यात सरांना पत्रही लिहिलं, दहा पानांचं, आकृत्यांसकट. आठ दिवसांत त्यांचं उत्तर आलं, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. निरीक्षण अतिशय मोलाचं आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पण उरलेल्या दहा गावांत पाती कुणी मोजल्या आहेत? जिथं भुईमूग नाही तिथं काय मोजायचं? शिवाय त्या दिवशी आठ होत्या, दुसऱ्या दिवशी किती असत्या? यातल्या कुठल्याच प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. अहवाल छापला गेला. तो ग्रंथालयात आहे, मी दोनदा जाऊन पाहिला. आकडा तोच. तीन.

शालन माहेरी गेली नाही. बरीही झाली नाही. पुढं मुलगा लिहायला लागला तशी काही वर्षं मला तिची पत्रं यायची, त्याच्या अक्षरातली.

ती डायरी माझ्याकडं आहे. परवा कपाट आवरताना सापडली. दुसऱ्या भांगलणीच्या त्या पानावर एकोणीस रेघा आहेत. आठ आखूड, त्यांतली शेवटून दुसरी पुन्हा गिरवून, वेगळ्या दाबानं, लांब केलेली. ती तानूबाईंनी घेतलेली शालनची पात. खाली मी 'एकूण' असं लिहून पुढं दोन टिंबं दिली आहेत. त्या टिंबांपुढं काही लिहिलेलं नाही.